मोजणी होते, विचारपूस होत नाही

मुसलमानांविषयीचा एक आकडा या देशात चहाच्या टपरीवर बसणाऱ्यालाही पाठ असतो. मुस्लिम बाईला मुले किती होतात, हा तो आकडा. तो खरा की खोटा याची चौकशी कोणी करत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या १९९२-९३ च्या पहिल्या फेरीत मुस्लिम बाईमागे सरासरी ४.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ती २.४ वर आली. हिंदू बाईचा आकडा याच काळात ३.३ वरून १.९ वर आला. म्हणजे घट आमच्याकडे मोठी आहे. पण टपरीवरचा आकडा तीस वर्षांपूर्वीचाच आहे आणि निवडणूक जवळ आली की तो आणखी वाढतो.

दुसरा आकडा कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यातला. २०२० च्या एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता दिल्लीत आरोग्य मंत्रालयाची पत्रकार परिषद व्हायची आणि एकूण बाधितांपैकी तबलीगशी संबंधित किती, हे वेगळे सांगितले जायचे. १८ एप्रिलला सांगण्यात आले, १४,३७८ पैकी ४,२९१. ज्या माणसांना शोधून शोधून तपासले त्यांच्यात बाधित जास्त सापडणार, हे गणित आमच्या सातवीच्या वर्गालाही कळले असते. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा करण्यासाठी निवडले गेले असावे, असे निकालात नोंदवले. निकाल आला तेव्हा चारची बातमी कोणाच्या लक्षातही नव्हती. भाजीवाल्या बागवानाच्या गाड्याकडे पाहून लोक मात्र अजून रस्ता ओलांडत होते.

तेव्हा आमची मोजणी होत नाही, अशी आमची तक्रार नाही. मोजणी भरपूर होते. आमची भीती वाटते तिथे होते. आम्ही आजारी पडतो तिथे होत नाही. नांदेडच्या देगलूर नाक्यावरच्या मोहल्ल्यात किती बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, लातूरच्या गल्ल्यांत किती घरांत क्षयाचा रुग्ण औषध अर्धवट सोडून बसला आहे, किनवटकडे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने किती मुलांचे दात पिवळे पडले आणि त्यांतली आमची किती, हे विचारायला कोणी आले की पुढे काय होते ते आम्ही उर्दू शाळेचे शिक्षक जवळून पाहतो. कारण प्रत्येक पाहणी शेवटी शाळेच्या दारातूनच आत येते. जनगणना आम्ही करतो, मतदार याद्या आम्ही करतो, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'मध्ये दारोदार फिरणाऱ्यांत आम्हीही होतो.

सर्वेक्षणवाल्यांची अडचण आम्हाला समजते, ती आधी मांडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ पासून जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे देते. पाचव्या फेरीत देशभरात सुमारे ६ लाख ३७ हजार घरे आणि ७०७ जिल्हे होते, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरे. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मुसलमान शंभरात चौदा-पंधरा. म्हणजे नऊशेत आमची सव्वाशे-दीडशे घरे. एवढ्यावरून नांदेडच्या मुस्लिम बायकांविषयी ठामपणे काही सांगता येत नाही, हे संख्याशास्त्राचे म्हणणे बरोबर आहे. प्रश्नावलीत धर्म विचारलेला असतो, तरी जिल्ह्याच्या पत्रकात तो दिसत नाही. राज्याचा आकडा दिसतो: महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी. त्यात आमच्या बायका कुठे बसतात, हे जिल्ह्याच्या पातळीवर दिल्ली-मुंबईचे सर्वेक्षण सांगूच शकत नाही. ते सांगायचे तर इथल्याच माणसांनी इथेच अभ्यास करावा लागेल. विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला आहे, नांदेडला १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. आमचे मोहल्ले त्या महाविद्यालयांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत.

आता आमच्याच माणसांशी भांडण. अशी मागणी केली की कौमचे पुढारी म्हणतात, कशाला मोजू द्यायचे? आकडा दिला की तो आमच्यावरच उलटतो. एप्रिल २०२० आठवत नाही का? आठवतो. पण लपून राहिल्याने आकडा थांबत नाही, तो दुसरा कोणीतरी रचतो. आणि धर्माचा रकाना भरल्याने काय हाती लागते त्याचे दोन दाखले देतो. पहिला पारशांचा. मुंबईच्या कर्करोग नोंदणीत रुग्णाचा समाज लिहिला जाई, म्हणून पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग जास्त आहे हे कळले. त्याच नोंदणीत मुस्लिम बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग हिंदू बायकांपेक्षा कमी दिसला, आणि स्तनाचा जास्त. खतनाचा याच्याशी संबंध असावा, असे पुढे इतर देशांतल्या अभ्यासांतून पुढे आले. पारशी समाजाने हा अपमान मानला नाही. त्यांनी आपल्या बायकांची तपासणी सुरू केली.

दुसरा दाखला आम्हाला अधिक जवळचा वाटतो. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालातली नोकऱ्यांची आणि शिक्षणाची पाने सगळ्यांनी वाचली, आरोग्याचे पान थोड्यांनी. त्यात एक चमत्कारिक नोंद होती. मुसलमान गरीब, कमी शिकलेले, तरी त्यांची तान्ही मुले त्या मानाने जास्त जगतात. असे का? डीन स्पिअर्स आणि मायकेल जेरुसो या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रीय सर्वेक्षणाचेच आकडे उलगडले आणि २०१८ मध्ये उत्तर प्रसिद्ध केले: मुस्लिम घरांत उघड्यावर शौचाला जाण्याचे प्रमाण कमी, संडास वापरण्याचे जास्त. मुख्य फरक तिथे. आणि मुस्लिम शेजार असलेल्या हिंदू घरांतली मुलेही जास्त जगतात, कारण घाण शेजारच्यांचीही असते. ज्यांना गल्लीत राहायला घर देत नाहीत त्यांचा शेजार बाळाला वाचवतो, हे धर्माचा रकाना भरला म्हणून जगाला कळले. आमच्या पुढाऱ्यांनी हा निष्कर्ष एकदाही भाषणात वापरलेला आम्ही ऐकला नाही. त्यांना अन्यायाचा आकडा हवा असतो. चांगल्या आकड्याचे काय करायचे ते त्यांना ठाऊक नाही.

दुसरे भांडण बिरादरीचे. 'इस्लाममध्ये जात नाही, फक्त मुस्लिम एवढेच लिहा.' मस्जिदीत नाही, हे कबूल. पण फुफ्फुसात आहे. पिंजाऱ्याच्या आजोबाने आयुष्यभर कापूस पिंजला. कापसाच्या धुळीने छाती आवळते, दम लागतो, हा गिरणी कामगारांचा रोग वैद्यकशास्त्राला कधीचा माहीत आहे. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली, तिथे काम केलेल्या म्हाताऱ्यांचा खोकला बंद पडला नाही. कसाबाला जनावरापासून ब्रुसेलोसिस होऊ शकतो, ताप येत-जात राहतो आणि मलेरियाची गोळी घेऊन तो पुन्हा कामावर जातो. बागवान पहाटे तीनला मार्केट यार्डात, दिवसभर उन्हात. शेख, सय्यद मास्तराचे आजार वेगळे, त्याला शक्कर आणि रक्तदाब. या सगळ्यांना 'मुस्लिम' या एका रकान्यात टाकले की सरासरी निघते आणि पिंजारी त्या सरासरीत गाडला जातो. महाराष्ट्रात शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारांसारखा नट तिच्या मंचावर आला, तेव्हाही हीच ओरड झाली होती की कौम फोडता. कौम फुटली नाही, काही मुलांना दाखले मिळाले. आरोग्याच्या पाहणीतही बिरादरी आणि धंदा विचारला पाहिजे. न विचारणे हा सर्वसमावेशकपणा नाही, तो आळस आहे.

यापेक्षा मोठा प्रश्न भाषेचा आहे आणि तो आमच्या पेशाचा म्हणून त्यावर जरा थांबतो.

काही वर्षांपूर्वी मुलींच्या रक्ताची तपासणी करायला एक पथक आमच्या शाळेत आले होते. कुठल्या संस्थेचे ते लिहीत नाही, कारण सगळी पथके सारखीच असतात. फॉर्म मराठीत, खाली इंग्रजीत. वर ठळक शब्द: रक्तक्षय. आमच्या मुली मराठी विषय म्हणून शिकतात, आणि 'क्षय' हा शब्द त्यांना दवाखान्याच्या भिंतीवरून चांगला माहीत आहे. मधल्या सुटीत एक मुलगी रडत आली, 'टीचर, मेरेकू टीबी है क्या?' संध्याकाळपर्यंत चार आया शाळेत. त्यांना भीती आजाराची कमी आणि रिश्त्याची जास्त. 'खून की कमी' एवढे तीन शब्द त्या कागदावर असते तर हा दिवस वाचला असता. रक्त गेले, पथक गेले. कोणाच्या अंगात किती रक्त निघाले, हे शाळेला कळवलेले नाही.

पुस्तकी मराठी आमच्या आयांना कळत नाही, हे सांगताना आम्हाला कमीपणा वाटत नाही. ती शेजारच्या मराठी आयांनाही कळत नाही. 'आपणास श्वसनास त्रास होतो का' असे कोणतीच बाई दुसरीला विचारत नाही. मराठी बाई म्हणेल धाप लागते, आमची म्हणेल दम भरता. ती म्हणेल अंगावरून पांढरे जाते, ही म्हणेल सफेद पानी. मधुमेह म्हणजे शक्कर. गर्भपात म्हणजे हमल गिरना, आणि तो आपोआप झाला की केला, यासाठी वेगळा शब्द, तो पुरुषासमोर उच्चारायचा नाही. सगळ्यात अवघड 'दिल घबरारा'. आमच्या बायका हे रोज म्हणतात. त्यात कधी अशक्तपणा असतो, कधी नवऱ्याचा मार, कधी सौदीला गेलेल्या मुलाचा न आलेला फोन, कधी खरोखरच हृदयाचा आजार. मराठी पाहणीवाला 'हृदयविकार: होय' असे लिहून पुढच्या दाराला जातो. या आकड्याची टक्केवारी काढायची आणि तिला संशोधन म्हणायचे?

नांदेडची माणसे उपचाराला हैदराबादला जातात. नेते म्हणतात, इथल्या सोयी कमी म्हणून. ते खरेच आहे. ३० सप्टेंबर २०२३ पासूनच्या ४८ तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३१ माणसे गेली, त्यांत नवजात बाळे होती, देशभर नाव झाले. पण हैदराबादला जाण्याचे आणखी एक कारण ओपीडीच्या रांगेत उभे राहिले की कळते. तिथल्या डॉक्टरला 'दिल घबरारा' समजते. तो पुढचा प्रश्न विचारतो.

एक गोष्ट इथे आठवते. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूरचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू, आणि पुढे तिथे डॉक्टरकीचे शिक्षणही उर्दूत होते. शरीरशास्त्राची जाडजूड पुस्तके तिथल्या अनुवाद विभागाने उर्दूत आणली होती. त्या राज्यात मराठी, तेलुगू, कन्नड मुलांना स्वतःच्या भाषेत शिकायला मिळाले नाही, हा अन्याय होता, आणि तो आम्ही झाकत नाही. पण ज्या भाषेत एकेकाळी अख्खे मेडिकल कॉलेज चालले, त्या भाषेत आज एका पानाचे संमतीपत्र निघत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की संमती माणसाला समजणाऱ्या भाषेत घ्यावी. म्हणजे आम्ही मागतो ती सवलत नाही, नियम आहे.

संमतीपत्र समजले नाही की ते शिक्षकाकडे येते. 'सर, तुम्ही सही करा, पालक कुठे गोळा करता?' हे वाक्य ज्याने ऐकले नसेल असा उर्दू शाळेचा मास्तर नसेल. या सहीचे काय होते ते खम्ममला दिसले. तोही निजामाचाच जुना मुलूख, आता तेलंगणात. २००९ मध्ये तिथे १० ते १४ वयाच्या हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस एका अभ्यासात दिली गेली. त्यांतल्या कित्येक आदिवासी वसतिगृहांतल्या. २०१० मध्ये तो अभ्यास थांबवावा लागला. चौकशीत निघाले की अडीच हजारांहून अधिक संमतीपत्रांवर आई-बापांच्या जागी अधीक्षक-मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती, आजही ती जगभर देतात. विचारण्याची पद्धत वाईट होती. आम्ही शिक्षकांनी अशी सही करू नये, मग समोर कितीही मोठा साहेब असो.

आणि विचारले, माहिती घेतली, पुढे काय? याचे उत्तर लातूरच्या शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवमध्ये आहे. १९९९ पासून तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक प्रचंड अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी बायका, चार गट. तीन गटांची वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी. चौथ्या गटातल्या ३१ हजारांवर बायकांना नेहमीची उपलब्ध सेवा, म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत काहीच नाही. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच झाली होती त्यात या कर्करोगाने ३४ बायका गेल्या, बिनतपासणीच्या गटात ६४. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने याच तपासणीची शिफारस केली, त्यामागच्या पुराव्यांत आमच्या मराठवाड्यातल्या या बायका आहेत. चौथ्या गटाला तपासणीशिवाय ठेवणे योग्य होते का, यावर जगात वाद झाला. तेव्हा भारतात तपासणीची पद्धतच नव्हती म्हणून तुलना रास्त, असे संशोधक म्हणाले. टीकाकार म्हणाले, उपाय माहीत असताना हे करायला नको होते. आम्ही टीकाकारांच्या बाजूचे आहोत. पण त्या संशोधकांचे एक श्रेय नाकारत नाही: त्यांनी गावोगाव जाऊन लाखावर बायका गाठल्या. मनात आणले तर मराठवाड्यातली बाई सापडते. मुस्लिम बाई पडद्यात असते म्हणून पाहणीतून सुटली, ही सबब आम्हाला यापुढे कोणी सांगू नये.

परत काय आले? सरकारी कार्यक्रमात तपासणीसाठी अनेक ठिकाणी अजून व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याचीच पद्धत आहे. त्या जिल्ह्यातल्या बाईने जगाला जी चाचणी सिद्ध करून दिली, ती तिच्या सुनेला आरोग्य केंद्रात सहज मिळायला हवी होती.

गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दुसरी रीत दाखवली. गावातल्याच कमी शिकलेल्या बायका त्यांनी तयार केल्या. जन्म-मृत्यूची नोंद त्यांनी केली, बाळांवर उपचारही त्यांनीच केले, आणि ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले. संशोधन गावातल्या बाईच्या हातून झाले म्हणून औषधही तिच्याच हातात राहिले. पोलिओतही तेच. उत्तर प्रदेशात डोस घ्यायला नकार देणाऱ्या घरांत मोहल्ल्यातल्याच बायका, इमाम, अलिगढ आणि जामियाची माणसे गेली तेव्हा दारे उघडली. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला आणि हा धडा लगेच विसरला गेला. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराने मुले गेली तेव्हा पुन्हा 'मुस्लिम वस्त्यांत लसीला विरोध' हे मथळे तयारच होते.

लातूरचा पॅटर्न देशाला डॉक्टर पुरवतो, त्यांत आमचीही पोरे आहेत. एमबीबीएस झाले की ती पुणे-मुंबईकडे जातात. जावोत. पण बारावी, डी.एड., नर्सिंग झालेल्या मुली इथेच आहेत, घरात बसून आहेत. त्यांना तीन महिने शिकवा, मानधन द्या, पाहणीत घ्या. अनुवादक म्हणून दारात उभे करायला नको, प्रश्न ठरवण्याच्या टेबलावर बसवायला घ्या. त्या पहिल्याच दिवशी सांगतील की दुपारी बारा ते दोन जाऊ नका, सासूला आधी बाहेरच्या खोलीत चहा द्या, आणि मारहाणीचा प्रश्न शेवटी विचारा.

आमच्या शाळेतल्या काही शिक्षकांनी एक वही घातली आहे. डाव्या बाजूला आरोग्याच्या फॉर्मवरचे मराठी शब्द, उजव्या बाजूला मोहल्ल्यातल्या बायका त्याच आजाराला काय म्हणतात ते, दखनीत, उर्दू आणि देवनागरी दोन्ही लिपींत. नववीच्या मुली घरून शब्द आणतात. काही शब्द त्या वहीत स्वतः लिहितात आणि वही उलटी करून टेबलावर ठेवून जातात. नांदेड-लातूरच्या कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाने, कोणत्याही विद्यार्थ्याने ही वही मागावी. झेरॉक्सचा खर्च आम्ही करू. बदल्यात पाहणी झाल्यावर अहवालाची एक प्रत, निदान दोन पानांत आणि उर्दूत, शाळेच्या पत्त्यावर पाठवावी. आणि ज्या मुलींचे रक्त न्याल, त्यांचे आकडे नावानिशी बंद पाकिटात त्यांच्या आयांकडे द्यावेत.